नाटकाचा युद्धपट होताना कोणता प्रवेश गळतो?

दिवाळी आटोपली, धानाचे पुंजणे रचून झाले, की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे कागदोपत्रीचे देसाईगंज, इथल्या नाटक मंडळींच्या गाड्या संध्याकाळी गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांकडे निघतात. शंकरपट असला की रात्री नाटक ठरलेलेच. दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि पहाटे लोक अंगावरची चादर झटकत घरी परततात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांना झाडीपट्टी रंगभूमी हा शब्द पहिल्यांदा कळला. असो.

या हंगामात आमच्या ओळखीच्या एका तरुण मंडळाने ठरवले की यंदा नाटक न करता चित्रपट करायचा. मोबाईलवर चित्रीकरण, संगणकावर जोडणी आणि थेट यूट्यूबवर. कथा म्हणून त्यांनी गावातल्याच एका मास्तरांनी १९६५च्या लढाईनंतर लिहिलेले तीन अंकी नाटक निवडले. गावात ते नाटक कित्येकदा झालेले, म्हाताऱ्यांना त्यातले संवाद पाठ. पटकथा तयार झाल्यावर मुलांनी ती वाचायला माझ्याकडे आणली. पाने चाळताना लक्षात आले की दुसऱ्या अंकातला एक प्रवेश पूर्ण गायब आहे. लढाईत मेलेल्या शिपायाचा सोबती त्याच्या घरी निरोप घेऊन येतो. आई त्याला पराक्रमाचे काही विचारत नाही, एवढेच विचारते की त्या दिवशी तो जेवला होता का. सोबत्याला उत्तर देता येत नाही. मी विचारले, हा प्रवेश कुठे गेला? मुले म्हणाली, "सर, तो सीन लय लांबते. देशभक्तीचा पिच्चर आहे, मधात रडारड आली का जोश उतरते."

मुलांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, म्हणून त्यांना लगेच उत्तर दिले नाही. रंगमंचावरचे जुने, नावाजलेले नाटक उचलून त्याचा देशभक्तीपर चित्रपट करणे हा उद्योग नवा नाही. जगात तो फार मोठ्या माणसांनी केला आहे आणि महाराष्ट्रातही झाला आहे. त्यांनी काय ठेवले, काय कापले आणि का कापले हे पाहिले तर आपल्या मुलांच्या पटकथेकडे पाहण्याची नजर मिळते. म्हणून हा लेख.

आधी आपल्या घरचे उदाहरण. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'तले, टिळकांच्या तालमीतले. त्यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातली. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी नोकर होऊन राहिलेले, द्रौपदी सैरंध्री नावाने राणीची दासी झालेली. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक तिच्यावर हात टाकू पाहतो. धर्मराज सबुरी सांगतो, भीम रात्रीच्या अंधारात कीचकाला ठार करतो. नाटकात कुठेही इंग्रजांचे नाव नाही. पण दोनच वर्षांपूर्वी लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केलेली होती आणि प्रेक्षकांना कीचक कोण, सैरंध्री कोण, सबुरी सांगणारा मवाळ कोण आणि मूठ आवळणारा जहाल कोण, हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही लागले नाही. १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली १९१० साली या नाटकावर बंदी आली.

याच कथेवर दहा वर्षांनी, १९२० साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा हा पहिला चित्रपट. बाबूराव मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. झाडीपट्टीत ज्याने राजवाड्याचा, जंगलाचा रंगवलेला पडदा पाहिला आहे त्याला या वाटचालीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या, हे धाडसही या चित्रपटात केले गेले. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले, रौलट कायदा आलेला, जालियनवाला बागेला वर्षही झालेले नव्हते. टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती याच चित्रपटासाठी. भीमाने कीचकाला मारण्याचे दृश्य इतके खरे वाटले की ते सेन्सॉरच्या कात्रीत सापडले.

आता इथे थोडे थांबा. 'कीचकवध' नाटकाची ताकद कशात होती? धर्मराज आणि भीम यांच्या वादात. अन्याय सोसत वेळ काढायची की आत्ताच हात उचलायचा, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी मांडला जात होता आणि प्रेक्षक त्या वादात ओढला जात होता. मूकपटात शब्दच नाहीत. पाटीवर दोन ओळी लिहून वाद मांडता येत नाही. मग पडद्यावर भरून काय राहणार? भीमाची मूठ. हे पेंटरांचे पाप नव्हे, ते माध्यमाचे बळ आणि माध्यमाची मर्यादा आहे. पण लक्षात ठेवायचे ते असे की नाटक पडद्यावर जाताना विचार आधी पातळ होतो आणि मार आधी घट्ट होतो. कोणी मुद्दाम न करताही हे होते.

टिळकपक्षाच्या राजकारणाबद्दल आपल्या चळवळीचे मत काय आहे हे वाचकांना ठाऊक आहे, त्यात मी जात नाही. पण या नाटकाविषयी एक गोष्ट मला नेहमी खटकते. सैरंध्रीच्या अपमानाने प्रेक्षक पेटून उठतो, कारण त्याला माहीत असते की ही दासी नाही, राणी आहे. विराटाच्या वाड्यात ज्या खरोखरच्या दासी होत्या, ज्यांचा कोणताही भीम स्वयंपाकघरात लपलेला नव्हता, त्यांच्यावर कीचकाने हात टाकला असेल तेव्हा कोण पेटले? राष्ट्राला अपमानित राणी म्हणून रंगवायचे ठरले, की दासीचा प्रवेश लिहिलाच जात नाही. तो कापावाही लागत नाही.

आता दूरचे पण सर्वांत गाजलेले उदाहरण. शेक्सपिअरचे 'हेन्री पाचवा' हे नाटक १५९९च्या सुमाराचे. इंग्लंडचा तरुण राजा हेन्री फ्रान्सवर स्वारी करतो आणि २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अॅजिनकोर्टच्या मैदानात आपल्यापेक्षा मोठ्या फ्रेंच सैन्याला हरवतो. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलालाही ही कथा ठाऊक. दुसऱ्या महायुद्धात, हिटलरच्या सैन्याने फ्रान्स गिळलेला असताना आणि तिथे पुन्हा सैन्य उतरवायची तयारी चाललेली असताना, या नाटकाचा चित्रपट व्हावा असे सरकारच्या माहिती मंत्रालयालाही वाटले. नट लॉरेन्स ऑलिव्हिए तेव्हा नौदलाच्या विमानदलात होता. त्याला चित्रपटासाठी मोकळे करण्यात आले. दिग्दर्शक तोच, नायक तोच. निर्माता फिलिप्पो देल जुदिचे हा इटालियन. इटली शत्रुराष्ट्र म्हणून त्याला युद्धाच्या सुरुवातीला इंग्रजांनी नजरकैदेत टाकलेले होते. इंग्रजी देशभक्तीचा सर्वांत मोठा चित्रपट उभा करणारा माणूस काही वर्षांपूर्वी त्यांच्याच कागदावर 'शत्रू परकीय' होता.

गंमत इथेच संपत नाही. लढाईचे चित्रीकरण १९४३च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये झाले. इंग्लंडच्या आकाशात सतत विमाने, आणि सैनिक म्हणून उभे करायला माणसे नाहीत, कारण माणसे खऱ्या सैन्यात. आयर्लंड युद्धात तटस्थ होता. तिथले शेतकरी आणि स्थानिक संरक्षण दलातली माणसे मजुरीवर आली, घोडा घेऊन येणाऱ्याला जादा पैसे. तीच माणसे कधी इंग्रज झाली, कधी फ्रेंच. शतकानुशतके इंग्रजांच्या टाचेखाली राहिलेल्या देशातल्या शेतकऱ्यांनी इंग्रजांचा विजय घोड्यावर बसून साकार केला. मूळ नाटकात तर आयर्लंडचे बंड मोडायला गेलेल्या सेनापतीचा गौरवाने उल्लेख आहे. आमच्या मंडळातल्या मुलांना यातला एक तपशील फार आवडला: पडद्यावर दिसणारी लोखंडी साखळ्यांची चिलखते खरे तर जाड विणकाम होते, त्यावर चंदेरी रंग मारलेला. युद्धात लोखंड महाग होते. आपल्याकडे पोत्याला रंग मारून मावळ्याची ढाल होतेच की.

२२ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडनमध्ये चित्रपट लागला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरून साडेपाच महिने झालेले होते आणि लंडनवर जर्मन रॉकेट पडत होते. सुरुवातीलाच चित्रपट ब्रिटनच्या कमांडो आणि हवाई सैनिकांना अर्पण केला आहे. गडचिरोलीत 'कमांडो' हा शब्द ऐकला की आपल्यासमोर काय उभे राहते हे मला सांगायला नको. आपल्या जिल्ह्यात हा शब्द सिनेमातला नाही, शेजारच्या घरातला आहे. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना याच जंगलातली पोरे असतात. म्हणून 'युद्धाचा सिनेमा' म्हटले की इथल्या माणसाने जरा जास्त सावध राहावे असे मला वाटते.

कलाकृती म्हणून ऑलिव्हिएचे काम मोठे आहे, यात शंका नको. नाटकाचा सिनेमा करताना सर्वांना जो पेच पडतो, की रंगमंचावरचे पल्लेदार बोलणे पडद्यावर खोटे वाटते, तो त्याने झाकला नाही, उघडा केला. चित्रपट सुरू होतो तो १६००च्या लंडनमधल्या ग्लोब नाटकगृहात. नट रंगपटात कपडे चढवताहेत, प्रेक्षक आरडाओरडा करताहेत, सूत्रधार पुढे येऊन सांगतो की हे लाकडी वर्तुळ म्हणजे रणमैदान समजा. मग हळूहळू नाटकगृहाच्या भिंती विरतात. फ्रान्सचा दरबार जुन्या हस्तलिखितातल्या चित्रासारखा सपाट, रंगीत. आणि लढाईच्या वेळी एकदम खरे आभाळ, खरे गवत, खरे घोडे. शेवटी पुन्हा ग्लोब. दंडार किंवा खडी गंमत पाहत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटते. सूत्रधाराने सांगितले की आपण मानतो.

आता कात्रीकडे येऊ. नाटकातला जवळपास निम्मा मजकूर चित्रपटात नाही. सिनेमाची लांबी पाहता काही कापावेच लागणार. प्रश्न कोणता निम्मा, हा आहे.

नाटकात स्वारीवर निघताना राजाविरुद्ध कट करणारे तीन सरदार सापडतात आणि राजा त्यांना मृत्युदंड देतो. चित्रपटात हा कट नाही. युद्ध चालू असताना इंग्रजांत फूट होती असे दाखवायचे नव्हते. हार्फ्लर शहराच्या वेशीसमोर हेन्री तिथल्या लोकांना धमकी देतो: शरण आला नाहीत तर माझे शिपाई तुमच्या मुलींवर अत्याचार करतील, अर्भके भाल्यांवर टोचतील आणि त्याचे पाप तुमच्यावर असेल. शेक्सपिअरने हे कोणत्या खलनायकाच्या तोंडी घातलेले नाही, नायकाच्या घातले आहे. १९४४ साली असले बोलणे नाझी सेनापतीच्या तोंडचे वाटले असते. ते गेले. चर्चमध्ये चोरी केली म्हणून हेन्रीचा तरुणपणीचा दारूमित्र बार्डोल्फ याला फासावर दिले जाते आणि राजा डोळ्यांची पापणी हलवत नाही. तेही गेले. लढाईच्या ऐन भरात हेन्री हुकूम देतो की पकडलेले सर्व फ्रेंच कैदी कापून काढा. हा हुकूम इतिहासातही नोंदलेला आहे. चित्रपटात त्याचा मागमूस नाही. पण फ्रेंचांनी इंग्रजांच्या छावणीतली लहान पोरे मारली, हे मात्र ठेवले आहे. त्यावर हेन्रीचा संताप ठेवला आहे आणि त्यापुढे मूळ नाटकात नसलेले एक द्वंद्व घातले आहे, ज्यात राजा फ्रेंच सेनापतीला एकटा भिडून लोळवतो.

कैद्यांचे हत्याकांड काढून त्या जागी मर्दासारखे द्वंद्व. तुम्ही आजचा कोणताही युद्धपट आठवा, हीच अदलाबदल दिसेल.

सुरुवातीचा भाग तर आणखी शिकण्यासारखा आहे. नाटक उघडते ते दोन धर्मगुरूंच्या कुजबुजीने. चर्चच्या जमिनी सरकारजमा करण्याचे विधेयक येऊ घातले आहे. ते टाळायचे तर राजाला परदेशी युद्धात गुंतवावे आणि त्यासाठी त्याला पैसा द्यावा, असा त्यांचा बेत. मग तेच धर्मगुरू राजाला वंशावळी दाखवून पटवतात की फ्रान्सवर तुझा हक्क आहे, युद्ध धर्म्य आहे. पुरोहितवर्गाने आपली जमीन वाचवण्यासाठी शास्त्राधार काढून युद्ध लावून देणे, हे आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ऑलिव्हिएने हा प्रवेश पूर्ण कापला नाही. त्याने तो विनोदी केला. धर्मगुरूंच्या हातातले कागद सांडतात, गोंधळ उडतो, ग्लोबमधले प्रेक्षक हसतात, आपणही हसतो. हसता हसता युद्धाचे कारण निसटून जाते. कात्रीपेक्षा हा उपाय हुशार आहे, कारण कापल्याचा पुरावाच राहत नाही.

नाटकाच्या शेवटी सूत्रधार येऊन सांगतो की हेन्री लवकर मेला, त्याच्या मुलाच्या काळात फ्रान्स हातचे गेले आणि इंग्लंड रक्तबंबाळ झाले. म्हणजे एवढा खटाटोप वाया. चित्रपटात हा शेवटही नाही.

इथे सम्राट अशोकाची आठवण येते. कलिंगच्या युद्धात एक लाख मारले गेले, दीड लाख देशोधडीला लागले आणि त्याचा मला पश्चात्ताप होतो, असे सांगणारा तेरावा शिलालेख आपण सर्वजण भाषणात सांगतो. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेला नाही. त्या जागी अधिकाऱ्यांना न्यायाने वागायला सांगणारे दोन वेगळे लेख आहेत. का, याची अनेक स्पष्टीकरणे अभ्यासक देतात. जखम ताजी असलेल्या लोकांसमोर आकडे कोरायचे नव्हते, असेही असेल. दगडावर कोरतानाही प्रेक्षक पाहून मजकूर निवडला जातो, एवढे यातून दिसते. प्रत्येक गाळलेली ओळ खोटारडेपणाची नसते. मात्र कोणाला काय वाचायला मिळाले नाही, हे विचारत राहावे लागते.

ऑलिव्हिएने एक प्रवेश मात्र ठेवला, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. लढाईच्या आदल्या रात्री राजा वेष बदलून शेकोट्यांमधून फिरतो आणि साध्या शिपायांशी बोलतो. एक शिपाई त्याला ऐकवतो की राजाचे कारण न्यायाचे नसेल तर शेवटी त्याला मोठा हिशेब द्यावा लागेल. तुटलेले हातपाय, मागे राहिलेल्या गरीब बायका, फेडायची राहिलेली कर्जे, पोरकी मुले, सगळे त्याच्या दारात येऊन उभे राहतील. राजा लांबलचक उत्तर देतो, पण कारण न्यायाचे आहे की नाही या मुद्द्याला तो बगल देतो. युद्ध चालू असताना, सरकारच्या पाठिंब्याने निघालेल्या चित्रपटात हा प्रवेश राहिला. जोश उतरला का? नाही. उलट दुसऱ्या दिवशीचे, थोडेच आहोत पण भाऊ आहोत अशा अर्थाचे राजाचे प्रसिद्ध भाषण त्यामुळेच काळजाला भिडते. आधी भीती पाहिलेली असते म्हणून धैर्य खरे वाटते. पुढे १९८९ साली केनेथ ब्रॅनाने हेच नाटक पुन्हा पडद्यावर आणले, तेव्हा त्याने कटवाले सरदार, बार्डोल्फचा फास, चिखल, सगळे परत घातले. ऑलिव्हिएचे मैदान हिरवेगार आहे, ब्रॅनाचे चिखलाने बरबटलेले. नाटक एकच.

नाटकात राजाच्या सैन्यात इंग्रज, वेल्श, स्कॉट आणि आयरिश असे चार कप्तान आहेत. हा प्रवेश चित्रपटात आहे, कारण एकजूट दाखवायला तो सोयीचा. आपल्या युद्धपटांतही एक शीख, एक मराठा, एक मद्रासी, एक मुसलमान अशी मोट असतेच. मग मी मुलांना विचारले, १९४४ साली इंग्लंडच्या बाजूने लढणाऱ्यांत आणखी कोण होते? हिंदी सैन्यात युद्धाच्या अखेरीस पंचवीस लाखांच्या घरात माणसे होती. त्यात १९४१ साली बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद झाली, पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ साली १११वी महार पलटण काढली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. पुन्हा दार उघडले ते दुसरे युद्ध आल्यावर, आणि त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. १९४२पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आयर्लंडमध्ये घोडे दौडत होते त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. हे सगळे हेन्रीच्या 'भावां'त धरलेले होते का? चित्रपटाला हा प्रश्न पडलेला नाही. आपल्याला पडायला हवा, कारण लष्कराच्या वर्दीने आपल्या आजोबांना भाकरी आणि मान दिला, हेही खरे आहे आणि काम झाल्यावर पलटण मोडली, हेही खरे आहे. आपला युद्धपट यातले एकच सांगणार असेल तर तो ऑलिव्हिएपेक्षाही अर्धा ठरेल.

काही कार्यकर्ते म्हणतील, मग आपण युद्धाचे नाटक-सिनेमे करूच नयेत. मला तसे वाटत नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत नाही, युद्ध आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा वाद. शाक्य संघाची सभा, सेनापतीचा युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध, मतदानात त्याचा पराभव. मग शिक्षेचा धाक: फाशी किंवा देशत्याग, घरच्यांवर बहिष्कार, शेतजमीन जप्त. यात एकही तलवार उपसली जात नाही, तरी यापेक्षा मोठा युद्धप्रसंग रंगमंचाला मिळणार नाही. आमच्या भागात विहारांत हा प्रसंग मुले करतात, पण बहुतेक वेळा मतदान झटपट उरकून थेट कंथक घोड्यावर येतात. सेनापतीची बाजू नीट मांडली जात नाही, त्याला नुसता खलनायक करतात. ज्या दिवशी सेनापतीचे म्हणणे ऐकून समोरचा प्रेक्षकही क्षणभर युद्धाच्या बाजूने हात वर करायला निघेल, त्या दिवशी सिद्धार्थाचे एकटे उभे राहणे किती अवघड होते ते कळेल. 'कीचकवधा'तल्या वादाची ताकद हीच होती.

तर आमच्या मुलांची पटकथा. मी त्यांना ऑलिव्हिएचा शेकोटीचा प्रवेश मोबाईलवर दाखवला. भाषा कळली नाही, पण शिपाई बोलत असताना वेष बदललेल्या राजाचा चेहरा कळला. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे यानं बी रडारड ठेवलीच का." दुसऱ्याचा मुद्दा जास्त व्यवहारी होता. आईचा प्रवेश नाटकात अकरा मिनिटे चालतो कारण रंगमंचावर सोबत्याला आपली घालमेल बोलून दाखवावी लागते. कॅमेऱ्यासमोर त्याला बोलायची गरजच नाही. आई विचारते, तो खाली पाहतो, ती ताट वाढायला उठते. एवढ्यात होईल. म्हणजे लांबीचा आक्षेप नाटकाच्या पद्धतीला होता, प्रवेशाला नव्हता. हे त्यांचे त्यांनीच शोधले.

मग अडचण आली आईच्या भूमिकेची. मंडळातल्या कोणाची बहीण-मामी तयार होईना. शेवटी वड्सातल्या एका नाटक मंडळीत कित्येक वर्षे आईची कामे करणाऱ्या बाईंना विचारले. त्यांनी वही मागून घेतली, तो प्रवेश दोनदा वाचला, मानधनाचा विषय काढला नाही. फक्त म्हणाल्या, हंगाम आहे, रोज रात्री नाटक आहे, होळीपर्यंत जमणार नाही. मुलांनी चित्रीकरण होळीनंतर ठेवले आहे.